आधी पाहायचं, मग वाचायचं

आमच्या ताईला सुट्टी लागली की माझी धडगत नसते. लोकांच्या मोठ्या बहिणी सुट्टीत लोळतात, कपाटं आवरतात, धाकटीला फुकटचे सल्ले देतात. आमची ताई लहान मुलांच्या गोष्टीचं एखादं पातळसं पुस्तक पिशवीत टाकते आणि त्यातली पवनचक्की नाहीतर मिठागर शोधत निघते. बरं, एकटी जाईल तर शपथ. सोबतीला मी लागते. माझं पडदे शिवायचं दुकान आहे, आणि लोकांना घरं सजवायची हौस नेमकी सुट्टीतच येते. पण ते ऐकून कोण घेतंय?

ताई तिसरीच्या वर्गाला शिकवते. आम्ही दोघी एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्यांत राहतो. एक खोली माझी, तीच दुकान, मशीनची आणि कापडाच्या ताग्यांची. दुसरी ताईची, म्हणजे खरं तर पुस्तकांची. ती तिथे कडेला अंग चोरून झोपते. सगळी मुलांची पुस्तकं. मोठ्या माणसांचं एक पुस्तक तिच्याकडे सापडायचं नाही. मी एकदा म्हटलं, "ताई, तुझं वय काय, तू वाचतेस काय?" तर म्हणाली, "माझं गिऱ्हाईक त्या वयाचं आहे. तू तरी स्वतःसाठी पडदे शिवतेस का?"

तिचा एक नियम आहे. ज्या पुस्तकातली मुख्य गोष्ट आपण डोळ्यांनी पाहिली नाही, ते पुस्तक वर्गात मोठ्याने वाचायचं नाही. आधी पाहायचं, मग वाचायचं. हा नियम काही आकाशातून पडलेला नाही. नोकरीच्या सुरुवातीला तिने वर्गात गुहेतल्या वटवाघळांची गोष्ट वाचली होती. एका मुलाने विचारलं, बाई, गुहेत वास कसा येतो? ताईने ठोकून दिलं, ओल्या मातीसारखा, छान गार. मागच्या बाकावर एक मुलगी होती, तिचं आजोळ तसल्याच एका गुहेशेजारचं. ती उभी राहून म्हणाली, बाई, इतकी घाण येते की नाक धरून पळावं लागतं. वर्ग खो खो हसला. मुलं विसरली, ताई विसरली नाही. घरी येऊन जेवली नाही. "मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं सांगितलं. त्यांना काय कळणार कुठलं खरं आणि कुठलं माझ्या मनचं?" त्याच सुट्टीत आम्ही गुहा पाहायला गेलो. त्या मुलीचं बरोबर होतं.

तेव्हापासून ही आमची वरात चालू आहे. पवनचक्की पाहिली. तिचा आवाज फोनमध्ये भरून आणला आणि तिच्या वर्गातली मुलं महिनाभर हात फिरवत तोच आवाज काढत हिंडत होती. मिठागर पाहिलं, तिथलं मातकट मीठ पुडीत बांधून आणलं आणि प्रत्येकाच्या जिभेवर चिमूटभर ठेवून मग गोष्ट सुरू केली. राजहंसाच्या गोष्टीपायी आम्ही एका तळ्यावर गेलो, तिथे एका हंसाने माझ्या पोटरीचा असा लचका तोडला की पुढचे काही दिवस मी मशीनचं पायडल एकाच पायाने मारत होते. ताईने वर्गात माझी पोटरीसुद्धा सांगितली. अजून तिची मुलं रस्त्यात मला पाहून कुजबुजतात, त्या बघ हंसवाल्या मावशी.

मी कितीही कुरकुरले तरी एक मान्य करते, तिचा वर्ग बघण्यासारखा असायचा. मी एकदा खिडक्यांची मापं घ्यायला शाळेत गेले होते तेव्हा दाराशी उभी राहून पाहिलं. चाळीसेक मुलं आणि टाचणी पडली तर ऐकू येईल. ताई खुर्चीवर नाही, जमिनीवर बसलेली. एक पान वाचायची, थांबायची, आणि म्हणायची, "आता मी तिथे उभी होते तेव्हा काय झालं ऐका." मुलांचे डोळे असे मोठे. मला वाटलं, आपल्याला लहानपणी अशा बाई मिळाल्या असत्या तर मी पडदे शिवत बसले नसते.

मोठ्या बाईंनाही, म्हणजे मुख्याध्यापिकांना, याचं कौतुक होतं. दरवर्षी त्या आजूबाजूच्या शाळांतल्या शिक्षकांना बोलावून ताईचा एक नमुना पाठ ठेवायच्या. मागच्या भिंतीला खुर्च्या लावून पाहुणे बसणार आणि पुढे ताई मुलांना गोष्ट वाचून दाखवणार. वरवर ताई म्हणायची, कशाला मेलं ते प्रदर्शन. पण त्या दिवशीची साडी ती आधीच्या आठवड्यापासून काढून ठेवायची. मी तिची बहीण आहे, मला काय सांगता.

त्या वर्षी तिच्या वर्गात एक मुलगी आली. शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. वडील क्रेन चालवायचे. जिथे मोठी इमारत उभी राहायची तिथे त्यांची क्रेन, आणि क्रेनमागे घर. तिसरीपर्यंत पोचेतो मुलीच्या कितीतरी शाळा झालेल्या. ती मोठ्याने बोलायचीच नाही. काही सांगायचं असेल तर उठून ताईजवळ यायची, कानाशी तोंड न्यायची आणि श्वासाच्या आवाजात सांगायची. वर्गाने तिचं नाव कुजबुज पाडलं. ताईने सुरुवातीला मुलांना दटावलं, पण ती मुलगीच त्या नावाला मान वर करून बघायला लागली, मग ताईनेही सोडून दिलं.

कुजबुजला अक्षरं येत होती, वाचता येत नव्हतं. म्हणजे एक अक्षर, मग दुसरं, मग तिसरं, आणि तिसऱ्यापर्यंत पहिलं हातातून गेलेलं. ताई मधल्या सुट्टीत तिला घेऊन बसायची. काही हलेना. एके दिवशी मुलीने वर्गातल्या फळीवरून एक पुस्तक उचललं आणि ते तिने मग सोडलंच नाही. ती गोष्ट दोराच्या नावेची. नदीवर पूल नाही. या काठापासून त्या काठापर्यंत जाड दोर बांधलेला, आणि नावेतल्या माणसांनी तो दोर हाताने ओढत पलीकडे जायचं. एक कुटुंब घर हलवतंय. खाट, भांडी, आरसा, सगळं नावेत. पलीकडे पोचल्यावर कळतं की मांजर मागेच राहिली. मग नाववाली बाई परत फिरते. एवढीच गोष्ट. पानापानावर चित्र, खाली दोन-तीन ओळी.

काही दिवसांनी कुजबुज ताईच्या कानाशी आली आणि म्हणाली, "बाई, हे वाचा. तुम्ही एकदा वाचलंत की मग मी वाचते."

ताई घरी आली ती तरंगतच. चप्पल काढायच्या आधी मला सांगितलं. "ती म्हणाली, मी वाचते. स्वतःहून म्हणाली. तिचं गणित मला कळलं बघ. तिला आधी कानावर पडायला हवं, मग ती अक्षरांवरून चालेल. ऐकलेल्या वाटेने जाईल."

"मग वाचून टाक की उद्या," मी म्हटलं.

ताईचा चेहरा लगेच शाळेतला झाला. "मी ती नाव कुठे पाहिलीय?"

"अगं, नाव म्हणजे नाव. लाकडाची असते, पाण्यात असते."

"आणि दोर? दोर ओला असतो की कोरडा? हाताला लागतो का? ओढताना आवाज कसला येतो? ती विचारेल, ती तसलीच मुलगी आहे. मग काय, परत ओली माती आणि छान गार?"

तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. अर्धं वर्ष पुढे होतं. सहामाहीची सुट्टी जवळ आली होती. असली नाव अजून चालते असं एक ठिकाण ताईने शोधून ठेवलं होतं. दोन गाड्या बदलायच्या आणि पुढे चालायचं. त्यात मोठ्या बाईंनी विचारलं, यंदाच्या नमुना पाठाला कुठलं पुस्तक? ताई म्हणाली, दोराची नाव. म्हणजे आता ते पुस्तक राखीव झालं. पाहुण्यांसमोर पहिल्यांदा वाचायचं, आणि वाचून झालं की त्या मुलीने, जी आजवर तोंडातून आवाज काढत नाही तिने, उठून पुढचं पान वाचायचं. ताईच्या डोळ्यांसमोर ते सगळं दिसायलाच लागलं होतं. कुजबुजला तिने सांगितलं, "सुट्टीत मी जाऊन नाव बघून येते. मग तुझ्यासाठी वाचते. चालेल?" मुलीने मान डोलावली.

वर्षअखेरी तिसरीच्या मुलांना मोठ्या बाईंसमोर एक पान वाचून दाखवावं लागायचं. पुस्तक कुठलंही, आपल्या आवडीचं. ज्याला वाचता येणार नाही तो पुन्हा तिसरीत. ताईला याची काळजी होती, पण तिचा हिशोब पक्का होता. नाव पाहू, वाचू, मुलगी वाचायला लागेल, पास होईल.

सहामाहीच्या सुट्टीत आम्ही गेलो. पिशव्या, डबे, पाण्याच्या बाटल्या, आणि वाटेत माझी बडबड. दोन गाड्या बदलल्या, चिखलातून चाललो, आणि काठावर पोचलो तर नाव काठावर उलटी घातलेली. तळाला डांबर लावत होते. दोर गुंडाळून शेडमध्ये ठेवलेला. दुरुस्तीसाठी बंद. कधी सुरू होईल? थंडी पडल्यावर. ताई त्या उलट्या नावेभोवती एक फेरी मारून आली आणि दगडावर बसली.

मी म्हटलं, "चला, पाहिली ना नाव?"

"उलटी पाहिली."

"मुलांना सुलटी करून सांग."

ती हसली नाही. येताना गाडीत तिने खिडकीकडे तोंड केलं ते घरापर्यंत. शाळा सुरू झाली तेव्हा कुजबुजने कानाशी येऊन विचारलं, पाहिलीत? ताईने सांगितलं, बंद होती गं, थोडं थांबूया. मुलगी थांबली. थांबायची तिला सवयच होती. पण रोज ती ते पुस्तक घेऊन बसायची, चित्रांवरून बोट फिरवायची, आणि दर दोन-चार दिवसांनी ताईजवळ येऊन एकच विचारायची, "आज?" आणि ताई म्हणायची, "अजून नाही."

ताईने तिला दुसरी पुस्तकं देऊन पाहिली. पवनचक्कीचं दिलं, हंसाचं दिलं, सगळे आवाज काढून वाचलं. मुलगी ऐकायची, खूश व्हायची, आणि "आता तू" म्हटलं की त्या नावेच्या पुस्तकाकडे बोट दाखवायची. हट्टी मुलगी आणि हट्टी बाई. जोडी छान जमली होती.

थंडी पडली. शनिवार-रविवारला जोडून एक सुट्टी आली. निघायच्या आदल्या दिवशी ताई फळा पुसत होती तेव्हा कुजबुज आली. हे मला ताईने नंतर कितीतरी वेळा सांगितलं, म्हणून मला पाठ आहे. मुलगी पुस्तक छातीशी धरून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आज वाचा ना."

"आता मी उद्याच तर निघतेय. नाव सुरू झालीय. परत आले की लगेच. सगळ्यात आधी तुला."

"थोडंसं वाचा."

"थोडंसं वाचलं तर मजा जाईल. एवढं थांबलीस, आता थोड्यासाठी कशाला?"

मुलीने पुस्तक फळीवर नेऊन ठेवलं. नीट, कणा बाहेर करून, ताईने शिकवलं होतं तसं. आणि दप्तर घेऊन गेली.

यावेळी नाव सुलटी होती. नाववाली एक तरुण मुलगी होती, गळ्यात मफलर, एका हातात फोन. आम्ही बसलो तशी म्हणाली, "ओढा."

"कोणी, आम्ही?" मी विचारलं.

"मग कोण? मी दिवसभर ओढत बसले तर माझे हात राहतील का?"

ताईने दोर धरला. जाड, ओला, शेवाळलेला, आणि थंडीने असा गार की पहिल्यांदा तिने हात मागे घेतला. मग पुन्हा धरला आणि ओढायला लागली. नाव जागची हलली तेव्हा ती लहान मुलीसारखी माझ्याकडे बघून हसली. कप्पीतून दोर सरकताना आवाज यायचा, कुणीतरी जुनं दार सावकाश उघडावं तसा. ताईने मला फोन धरायला लावला, आवाज भरून घेतला. नाववालीला विचारलं, "या नावेतून कधी मांजर गेलीय का?"

"मांजर? बोकड जातात. गादी गेली होती एकदा, पाण्यात पडली."

ताईने तेही लिहून घेतलं. आम्ही त्या काठाला गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. नाववाली कंटाळली. ताईच्या तळव्यांना फोड आले. जुन्या दोराचा हातभर तुकडा तिने मागून घेतला. परतीच्या गाडीत तिने तो मांडीवर ठेवला होता आणि मला सांगत होती, "आधी डोळे मिटायला सांगेन. मग दोर एकेकाच्या हातात देईन. मग आवाज. मग पहिलं पान." मी म्हटलं, "पाहुणे रडतील." ती म्हणाली, "पाहुणे जाऊ देत गं. नमुना पाठाला अजून वेळ आहे. मी उद्याच वाचणार. तिला वाचून दाखवणार." फार खुशीत होती ती. मला तिचं ते रूप आठवलं की अजून गलबलतं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा आधी शाळेत गेली. मुलं आली. कुजबुजची जागा रिकामी. ताईला वाटलं, उशीर झाला असेल. प्रार्थना झाली, हजेरी झाली. ताईने दोर पिशवीत तसाच ठेवला, ती येईपर्यंत थांबू म्हणून. मधल्या सुट्टीत ऑफिसातल्या शिपाईमामांनी सहज सांगितलं, "बाई, तुमच्या वर्गातली ती क्रेनवाल्याची मुलगी गेली हो. सुट्टीच्या आदल्या दिवशी, तुम्ही घरी गेल्यावर, आई येऊन दाखला घेऊन गेली. इथलं काम संपलं म्हणे त्यांचं."

घरी आली तेव्हा ताई माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. मी पडद्याची दुमड घालत होते. म्हणाली, "तिला माहीत होतं."

"काय?"

"जायचंय ते. म्हणून म्हणाली, थोडंसं वाचा."

मी मशीन थांबवलं.

ताईने त्या आठवड्यात वर्गाला गोष्ट वाचलीच. पुढे नमुना पाठही झाला. पाहुण्यांनी वाखाणलं, दोर हातात घेऊन पाहिला. मोठ्या बाई म्हणाल्या, आजवरचा सगळ्यात छान पाठ. ताईने मान डोलावली आणि घरी येऊन साडी तशीच खुर्चीवर टाकली. त्या वर्षाचे पुढचे महिने ती शाळेत जायची आणि यायची, बस्स. नवं पुस्तक आणलं नाही, कुठल्या गावाचं नाव काढलं नाही. मला वाटायचं, हिला कुठेतरी न्यावं. इतकी वर्षं कुरकुर केली, आता मीच विचारत होते, ताई, कुठे जायचं? ती म्हणायची, बघू.

उन्हाळ्याची मोठी सुट्टी लागली त्याच संध्याकाळी ती म्हणाली, "मी तिच्याकडे जातेय. ऑफिसातून तिच्या नव्या शाळेचं नाव घेतलंय. येणार असलीस तर ये, नाहीतर एकटी जाते." एकटी जाते, हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी दुकानाला कुलूप घातलं आणि निघाले.

ते शहर आमच्याहून मोठं. शाळेला तिथेही सुट्टी होती, पण पहारेकऱ्याला क्रेनवाल्याचं घर माहीत होतं. बांधकामाच्या मागे ओळीने खोल्या होत्या, कामगारांच्या कुटुंबांसाठी. तिसऱ्या खोलीच्या दारात कुजबुज बसली होती. ताईला पाहून उठली. पळत आली नाही, ती तसली मुलगी नव्हतीच, पण तिचा चेहरा असा उजळला की ताईने माझा हात घट्ट धरला.

आई आत कपडे पिळत होती. गडबडीने हात पुसत आली. "बाई, एवढ्या लांब? अहो कळवायचं तरी." तिने खाटेवरचं अंथरूण सरकवून जागा केली, चहा ठेवला. ताईने विचारलं, शाळा कशी आहे?

"शाळा चांगलीय," आई म्हणाली. "पण पहिल्याच दिवशी पुस्तक समोर ठेवलं आणि म्हणाले, वाच. ही कुठली वाचतेय? आधी त्या बाईंच्या कानात जाऊन सांगितलं, मला ते नावेचं पुस्तक द्या. त्यांच्याकडे नव्हतं. मग मान खाली घालून उभी राहिली. त्यांनी दुसरीत बसवली. वर्षाच्या मध्यात. मी म्हटलं, अहो, तिसरीतली आहे ती. ते म्हणाले, वाचायला लागली की पुढे घेऊ."

"मग लागली?" ताईने विचारलं.

"अजून नाही," आई म्हणाली. मुलगी दाराशी उभी राहून चौकट नखाने खरवडत होती.

ताईने तिला जवळ बोलावलं. पिशवीतून पुस्तक काढलं, दोर काढला, फोन काढला. मुलीच्या हातात दोर दिला. तिने तो धरला, वास घेतला, दोन्ही हातांनी थोडा ओढल्यासारखा केला. ताईने आवाज ऐकवला. मग खाली जमिनीवर मांडी घालून बसली आणि वाचायला लागली. मी तिचं वाचन इतकी वर्षं ऐकलंय, पण असं कधी ऐकलं नव्हतं. पाहुणे नाहीत, वर्ग नाही, बाहेर लोखंडाचे ठोके पडतायत, आणि ही एका मुलीसाठी सगळं ओतून वाचतेय. खाट नावेत चढली, आरसा चढला, नाव निघाली, मांजर मागे राहिली, नाववाली परत फिरली. आईसुद्धा चहाचं विसरून ऐकत राहिली. कुजबुज एकदाही हलली नाही.

वाचून झाल्यावर ताईने पुस्तक पहिल्या पानावर आणलं, मुलीच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आता तू. ठरलं होतं ना आपलं?"

मुलीने पानाकडे पाहिलं. चित्रातल्या दोरावरून बोट फिरवलं. मग पुस्तक मिटलं, ताईच्या हातात परत दिलं, आणि कानाशी तोंड नेलं. खोली एवढीशी होती, मलाही ऐकू आलं.

"बाई, हे तिसरीचं आहे. मी आता दुसरीत आहे."

"म्हणून काय झालं?" ताई म्हणाली. "तुला येईल. आत्ता ऐकलंस ना."

तिने नाही म्हणून मान हलवली. "आमच्या शाळेत दुसरीचं कपाट वेगळं आहे. तिसरीच्या कपाटाला हात लावायचा नाही." तिच्या बोलण्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. नव्या शाळेचा नियम ती जुन्या बाईंना समजावून सांगत होती.

आईने चहा दिला. ताईने विचारलं, मी इथे अधूनमधून येऊन हिला शिकवलं तर? आई म्हणाली, "तुमचे उपकार होतील, पण इथलं काम आता संपत आलंय बाई. येत्या पावसाळ्याआधी निघायचं. कुठे, ते अजून ह्यांनाही माहीत नाही." पुस्तक ठेवून घ्या, असं ताईने म्हटलं. मुलीने आईकडे बघितलं आणि मानेनेच नको म्हटलं. दोर मात्र तिने ठेवून घेतला.

निघताना ती रस्त्याच्या वळणापर्यंत आली. ताईने तिच्या केसांवरून हात फिरवला. ती परत फिरली आणि खोल्यांकडे चालत गेली, दोर हाताला गुंडाळत.

बसमध्ये ताई खिडकीशी बसली. मी वाटभर मनात स्वतःला बजावत होते की तुझं ते नेहमीचं आज काही बोलायचं नाही. शहर संपलं, दिवे लागले, तेव्हा ती माझ्याकडे न बघता बोलली.

"चुकीची वाचली असती तरी चाललं असतं गं. तिला कुठे दोर ओला की कोरडा ते हवं होतं?"

मी तिचा हात हातात घेतला. फोड कधीच बरे झाले होते, पण तळवा अजून खरखरीत होता.